रोगाची वाट आणि शाळेचा उंबरठा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



कल्याण हे नाव उच्चारले की शहापूर-मुरबाडकडील शिक्षकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते रेल्वेचे जंक्शन. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग पुढच्याच वर्षी कल्याणास पोचला, आणि नंतर येथूनच त्याच्या दोन वाटा झाल्या. एक कसाऱ्याच्या घाटाने नाशिककडे गेली, दुसरी कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. मुंबईतून देशावर जाणारा बहुतेक प्रवासी कल्याणावरूनच जाई. सबब, मुंबईत एखादा साथीचा रोग उद्भवला की तो कल्याणाच्या फलाटावर उतरणार हे ठरलेलेच.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक संनिपात, म्हणजेच प्लेग, सुरू झाल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. थोड्याच महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावोगाव पळू लागले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा झाला, आणि त्या काळात कल्याणास उतारूंची तपासणी होऊ लागली. गाडीतून माणसे उतरवावीत, रांगेत उभी करावीत, ताप पाहावा, काखेत व जांघेत गाठ लागते काय हे चाचपावे, संशय आल्यास माणूस वेगळा ठेवावा, असा तो प्रकार होता. यात पुष्कळ कष्ट होते, पैसा खर्च झाला, माणसांची मानखंडनाही झाली. तरीही प्लेग थांबला नाही. तो कल्याणात शिरला, ठाण्यात शिरला, भिवंडीत शिरला, पुण्यास गेला.

याचे कारण शिक्षकांनी नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. प्लेगचा जंतू त्यापूर्वीच, १८९४ साली, हाँगकाँग येथे आलेक्सांद्र येर्सँ यांनी शोधून काढला होता. जंतू सापडला होता. वाट सापडली नव्हती. हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या दंशाने माणसास होतो, ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखविली, आणि ती सर्वमान्य होण्यास त्यानंतरही काही वर्षे जावी लागली. फलाटावर माणसांच्या काखा चाचपल्या जात असता धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा निर्वेध पुढच्या गावी जात होत्या. पहारा होता, पण तो भलत्या दारावर होता.

त्याच साथीतील आणखी एक गोष्ट अशी की, सक्तीच्या तपासणीची लोकांनी इतकी धास्ती घेतली की घरातील आजारी माणूस ते लपवू लागले. माळ्यावर, पेटाऱ्यामागे, शेजाऱ्याच्या गोठ्यात, जेथे जागा मिळेल तेथे. पुण्यात या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरील गोळीबारात झाला, हा इतिहास शिक्षकांस ठाऊक आहेच. आरोग्याच्या दृष्टीने पाहता त्यातील बोध निराळा आहे. जेथे आजारी माणसाची अप्रतिष्ठा होते तेथे आजार दडविला जातो, आणि दडविलेला आजार उघड्या आजारापेक्षा अधिक पसरतो. त्याच वर्षी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले निवर्तल्या. त्या शिक्षिका होत्या. रोग्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, याचा पाठ शिक्षकवर्गास बाहेरून आणावयास नको.

आता याच्या नेमके उलट असे एक उदाहरण. १८४७ साली, म्हणजे जंतूंचा शोध लागण्यापूर्वी, व्हिएन्ना शहरातील मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात डॉक्टर व वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी करीत. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुइणींच्या कक्षाहून कितीतरी अधिक होते. गरीब बायका हातापाया पडून सुइणींच्या कक्षात जागा मागत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने याचे कारण शोधले. डॉक्टर व विद्यार्थी सकाळी प्रेते चिरून तसेच प्रसूतिकक्षात येत, सुइणी येत नसत. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्याखेरीज कोणी बाळंतिणीस शिवू नये असा नियम घातला. त्या वर्षी एप्रिलात शंभरांमागे अठराच्या वर बाळंतिणी दगावल्या होत्या. मेच्या मध्यास नियम सुरू झाला आणि जूनमध्ये तो आकडा दोनाच्या थोडा वर आला. जंतू कोणता हे सेमेलवाइसला ठाऊक नव्हते. त्याला वाट कळली होती, आणि ती त्याने अडविली. त्याच्या सहव्यवसायिकांना मात्र ते मानवले नाही. आपलेच हात मृत्यूस कारण झाले, हे विद्वान माणसास सहज पटत नाही. १८६५ साली तो उपेक्षित स्थितीत वारला.

त्याच १८६५ साली, ३१ मार्च रोजी, कल्याणात आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल योग्य वैद्यकीय साहाय्याअभावी दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून त्या डॉक्टर होण्यास निघाल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षाचे काम त्यांची वाट पाहत होते. परंतु त्यांना क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखविला होता, पण त्यावरील पहिले परिणामकारक औषध येण्यास विसाव्या शतकाचे पाचवे दशक उजाडावे लागले. तोवर माणसाच्या हाती एवढेच होते की, खोकल्यावाटे हवेत जाणारा तो जंतू दुसऱ्याच्या श्वासात जाऊ द्यावयाचा नाही. आज औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. तथापि ही दुसरी गोष्ट अजूनही तितकीच आवश्यक आहे.

हे सर्व शिक्षकांपुढे मांडण्याचे प्रयोजन असे की, आरोग्यशिक्षणाचा तास म्हणजे रोगांची नावे व त्यांचे जंतू पाठ करून घेणे, अशी समजूत बऱ्याच शाळांत आढळते. मुलांना नाव ठाऊक असते, वाट ठाऊक नसते. वास्तविक रोगाच्या वाटा फार थोड्या आहेत. घाणेरड्या हातांनी व पाण्याने तोंडात जाणारा, श्वासावाटे जाणारा, अंगास अंग लागून जाणारा, सुईने वा रक्ताने जाणारा, आणि डास-पिसवांनी नेला जाणारा. चौथीतल्या मुलास हे पाच मार्ग कळले की कोणताही नवा रोग आला तरी तो विचारू शकतो: हा कोणत्या वाटेने येतो? २०२० साली नेमका हाच प्रश्न साऱ्या जगाला पडला होता. पहिल्या काही महिन्यांत लोक भाजीपाला धुण्यात आणि दाराच्या कड्या पुसण्यात दमून गेले; कोविडची मुख्य वाट बंद खोलीतील हवा ही आहे, हे सर्वांच्या गळी उतरण्यास बराच वेळ गेला.

प्रथम हातांचा विचार करू जाता, शाळांतील अडचण शिस्तीची नसून अंकगणिताची आहे असे दिसून येते. साठ मुलांच्या शाळेत पाण्याचा नळ एक आहे असे समजा. प्रत्येक मुलाने साबण लावून, बोटांच्या बेचक्यांत व नखांत चोळून, नीट हात धुवावयाचे म्हटले तर निदान अर्धा मिनिट लागतो. साठ मुलांना अर्धा तास. मधली सुट्टी तेवढीच. तेव्हा अशा शाळेत पोषण आहारापूर्वी मुले हात धुतात असे कोणी म्हणाले तर ते हात ओले करतात एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. यावर मुलांना रागावण्यात काही हशील नाही. तोट्या वाढविल्या पाहिजेत. एका आडव्या नळीला सहा-आठ तोट्या बसविणे हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील काम आहे. तेही होत नसेल तर तेलाचा रिकामा डबा दोरीने टांगून, त्यास भोक पाडून, खाली पायाने दाबावयाची काठी बांधली की हात न लावता पाण्याची बारीक धार येते. असे पाच डबे मोठी मुले एका दुपारी बांधतील, आणि कार्यानुभवाचा तासही सार्थकी लागेल.

पाण्याची ओढ असलेल्या गावात हे सांगताना जीभ थोडी अडखळते, हे खरे. तानसा आणि भातसा यांचे जलाशय शहापूर तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या घरात प्यावयाचे पाणी डोक्यावरून आणावे लागते त्या घरातील मुलीला हात चोळून धुण्याचे व्याख्यान देणे शोभत नाही. परंतु बारीक धारेखाली तांब्याभर पाण्यात दोन मुलांचे हात सहज निघतात, आणि ते पाणी आळ्यात सोडले की परसबागेतील अळू-शेवग्यास मिळते. टंचाईच्या दिवसांत निदान दोन वेळा तरी, जेवणापूर्वी आणि शौचाहून आल्यावर, साबण चुकवू नये. बाटलीतील सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये. माती-चिखलाने माखलेल्या हातांवर त्याचा उपयोग फारसा होत नाही, आणि खेड्यातील मुलाचे हात माखलेलेच असतात, तसेच ते असावेत.

१५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुण्याचा दिवस. महाराष्ट्रात तोच वाचन प्रेरणा दिन. त्यामुळे त्या दिवशी शाळेत एकीकडे पुस्तके उघडलेली आणि दुसरीकडे साबण काढलेला, अशी दोन छायाचित्रे घेतली जातात व वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतात. सोळा तारखेस पुस्तके कोठे असतात हा या भाषणाचा विषय नाही. साबण मात्र पुष्कळ ठिकाणी कपाटात असतो, कारण बाहेर ठेवल्यास तो विरघळतो वा नाहीसा होतो. पायमोज्यात घालून तोटीला बांधलेला साबण विरघळतही नाही आणि नाहीसाही होत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या पिंपात लांब दांड्याचे ओगराळे असावे, पेला बुडवू देऊ नये, ही जुनी सूचना आहे. ती जुनी झाली म्हणून संपलेली नाही. विहिरीत टीसीएल पावडर टाकण्याचे काम ग्रामपंचायतीचे, तरी पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात ती टाकली काय, हे शिक्षकाने जलसुरक्षकास विचारीत जावे. विचारणारा कोणी आहे एवढ्याने कामे होतात.

हवेच्या वाटेची गोष्ट याहून अवघड आहे, कारण हवा दिसत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे, आपल्या जिल्ह्यात भिवंडीस, तसेच मालेगावास गोवराची मोठी साथ आली. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीच्या लसीकरणाची घडी विस्कटली होती, अनेक बालकांची लस राहून गेली होती, आणि गोवराने नेमकी तीच बालके शोधून काढली. गोवर हा माणसास ठाऊक असलेल्या अत्यंत संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. लस न घेतलेल्या समूहात एक रोगी बारा ते अठरा जणांस तो देऊ शकतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत संसर्गाची भीती असते. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरू लागतो. त्या चार दिवसांत मूल फक्त शेंबडे, खोकणारे, डोळे लाल झालेले असे असते आणि वर्गात बसलेले असते. पुरळ दिसल्यावर केलेला बंदोबस्त त्यामुळे नेहमीच उशिराचा असतो. खरा बंदोबस्त मूल नऊ महिन्यांचे असताना आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास लसीने होतो. शिक्षकाच्या हाती तो नाही असे वाटेल, पण आहे.

पहिलीच्या दाखल्याच्या वेळी, शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यातच म्हणा ना, पालकांकडून माता व बाल संरक्षण कार्ड मागून घ्यावे व गोवराच्या दोन्ही लसींपुढे तारीख आहे काय ते पाहावे. नसेल तर ते नाव आशाताईंकडे द्यावे. विशेषतः कातकरी कुटुंबांच्या बाबतीत ही दक्षता हवी. दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. लसीकरणाचा दिवस गावात येतो तेव्हा मूल भट्टीवर असते, आणि भट्टीजवळच्या गावात लसीकरण होते तेव्हा त्या मुलाचे नाव तेथील यादीत नसते. मूल कोणत्या भट्टीवर गेले आहे, हे गावात जर कोणास नक्की ठाऊक असेल तर ते त्याच्या शिक्षकास. त्याच्या नावापुढे गैरहजेरी तोच लावीत असतो.

पाड्यावर गोवर-कांजण्यांस ‘बाया आल्या’ म्हणतात, मुलाच्या उशाशी निंबाचा पाला ठेवतात, घरात फोडणी देत नाहीत, बाहेरच्या माणसास आत येऊ देत नाहीत. यास अंधश्रद्धा म्हणून हसणारा शिक्षक एक चांगली संधी दवडतो. बाहेरच्यास घरात येऊ न देणे म्हणजेच विलगीकरण. ते त्या माउलीस आपले आपण कळले आहे. तिला एवढेच सांगावयाचे की बाया येऊ द्या, निंब ठेवा, आणि त्याबरोबर जीवनसत्त्व अ चा डोस व तापाचे औषध दवाखान्यातून आणा, मुलास पाणी व पेज भरपूर द्या, आणि श्वास जोरात चालू लागल्यास क्षणभरही थांबू नका. गोवराने मूल दगावते ते बहुधा मागाहून होणाऱ्या न्यूमोनियाने वा अतिसाराने.

वर्गाच्या खिडक्यांविषयी थोडे. कोकणातील पावसात वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडता येत नाही, हे कबूल. पण आडोशाची उघडता येते व दारही उघडे ठेवता येते. हवा आत येण्यास एक आणि बाहेर जाण्यास एक अशा दोन वाटा नसल्या तर एकच उघडी खिडकी फार उपयोगाची नाही. कित्येक शाळांत खिडकीपाशी कपाट, जुने तक्ते आणि गेल्या निवडणुकीचे सामान रचून ठेवलेले असते. ते हलवावे. त्यास कोणाची मंजुरी लागत नाही.

आता एक गोष्ट अशी, जी ऐकण्यास कदाचित गोड लागणार नाही. जिल्ह्यातील बरेच शिक्षक कल्याण, डोंबिवली, बदलापूर येथे राहतात. पहाटेची कसारा लोकल, तीत उभे राहण्यास जागा नाही, मग आसनगाव वा खर्डीस उतरून जीपगाडीत दहा-बारा जण, आणि मग शाळा. शहर आणि पाडा यांच्यामध्ये रोज ये-जा करणारी माणसे गावात फार थोडी असतात. शिक्षक हा त्यांतील एक. शहरात आलेली साथ पाड्यावर पोचण्यास जी वाट लागते ती पुष्कळदा त्याच्याच सदऱ्याच्या बाह्यांतून जाते. म्हणून ताप व खोकला असताना शाळेत येणारा शिक्षक कर्तव्यदक्ष ठरत नाही. त्याने रजा घ्यावी; आणि रजेचा अर्ज पाहून मुख्याध्यापकाने कपाळाला आठी घालू नये. साध्या सर्दीत येणे भाग पडलेच तर मुखपट्टी बांधावी. दोन शिक्षकी शाळेत एकाने रजा घेतली तर दुसऱ्यावर चार वर्ग पडतात, ही अडचण खरीच आहे, आणि तिचे उत्तर केंद्रप्रमुखांनी शोधावयाचे आहे, आजारी शिक्षकाने नव्हे.

हीच गोष्ट मुलांची. वर्षभर एकही दिवस न चुकविणाऱ्या मुलास बक्षीस देण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. हेतू चांगला, परिणाम असा की, अंगात ताप असलेला मुलगा आईस न सांगता दप्तर उचलतो. हे बक्षीस बंद करावे, अथवा आजारपणाचे दिवस त्यातून वगळावे. याला दुसरी एक बाजू आहे व ती अधिक कठीण आहे. काही घरांतून आजारी मूल शाळेत पाठविले जाते ते शिक्षणाच्या ओढीने नव्हे, तर दुपारच्या खिचडीसाठी. आई कामावर, घरी चूल पेटलेली नाही, मूल शाळेत गेले तर निदान जेवेल. अशा मुलास ‘घरी जा’ म्हणणे म्हणजे ‘उपाशी राहा’ म्हणणे होय. कोविडच्या काळात शाळा बंद असता पोषण आहाराचे तांदूळ-डाळ पालकांच्या हाती दिले गेले होते. ते जमले होते. तेव्हा तापकरी मुलाच्या वाट्याचे जेवण भावंडाकरवी डब्यातून घरी पोचविण्याची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून करावी. जोवर ही सोय नाही तोवर आजारी मुलास घरी बसविण्याचा नियम कागदावरच राहील.

अंगास अंग लागून होणाऱ्या रोगांत आश्रमशाळांतून व वसतिगृहांतून खरजेचा उपद्रव फार. एका मुलास मलम लावून उपयोग नाही. एका खोलीत झोपणाऱ्या सर्वांना एकाच दिवशी लावावे लागते, आणि त्याच दिवशी चादरी व कपडे कढत पाण्यातून काढून कडक उन्हात टाकावे लागतात, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत वर्षभर राहते. खरूज झालेल्या मुलास वर्गात वेगळे बसविणे, चारचौघांत त्याच्या हातांची तपासणी करणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. प्लेगच्या साथीत माणसे माळ्यावर लपली. खरजेचे मूल शाळा सोडते. मग ते शाळेच्या पटावरही राहत नाही आणि उपचाराखालीही राहत नाही.

दवाखान्यासंबंधी दोनच सूचना. मुरबाड-शहापूरकडील माणूस मोठे दुखणे झाले की कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात किंवा ठाण्यास जातो, आणि एका रोग्याबरोबर सातजण जातात, त्यांत दोन कडेवरची मुले. भेटीस जाणे हा आपला स्नेहधर्म आहे, तो मोडावा असे कोणी म्हणणार नाही. पण रुग्णालय ही अशी जागा आहे की जेथे नानाविध जंतू, आणि त्यांतले काही औषधांना दाद न देणारे, एका छपराखाली एकत्र आलेले असतात. तेथे लहान मुले नेऊ नयेत, रोग्याच्या खाटेवर बसू नये, शेजारच्या रोग्याची वास्तपुस्त करताना त्याच्या सलाईनच्या नळीस वा जखमेच्या पट्टीस हात लावू नये, आणि आत जाताना व बाहेर येताना हात धुवावेत. पालकसभेत हे सांगण्यास पाच मिनिटे लागतात. डॉक्टर वा परिचारिका हात न धुता जखमेस हात लावीत असल्यास ‘बाई, हात धुतलेत का?’ असे नम्रपणे विचारण्याचा रोग्यास अधिकार आहे, हेही सांगावे. व्हिएन्नाच्या बायकांना तो प्रश्न विचारता आला नव्हता.

दुसरी सूचना सुयांची. दवाखान्यातील कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या व निळ्या रंगांच्या पात्रांत निरनिराळा ठेवावयाचा असतो. सुया व पाती यांसाठी न भोसकता येणारे पांढरे पात्र असते. सरकारी केंद्रात हा नियम आहे. परंतु गावात सायकलवर फिरून सुई टोचणारे बिनपदवीचे डॉक्टर वापरलेली सुई उकिरड्यावर टाकतात, आणि होळीच्या आधी मुले त्या सिरिंजा पिचकारी म्हणून गोळा करतात. कावीळ व एड्स यांचे जंतू अशा सुईतून जाऊ शकतात. होळीपूर्वीच्या आठवड्यात वर्गात एक सिरिंज, अर्थात सुई नसलेली व नवी, दाखवून मुलांना सांगावे की अशी वस्तू सापडल्यास हात लावावयाचा नाही, गुरुजींना येऊन सांगावयाचे. आणि मूल सांगावयास आले तर त्यास शाबासकी द्यावी, उकिरड्यावर का गेलास म्हणून मारू नये.

शेवटी हजेरीपत्रकाविषयी. २०२१ च्या डिसेंबरात, ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा उघडून चारच दिवस झाले असता, कोविडच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराचा महाराष्ट्रातील पहिला रोगी कल्याण-डोंबिवलीत आढळल्याचे ४ तारखेस जाहीर झाले. दक्षिण आफ्रिकेहून दुबई व दिल्लीमार्गे आलेला तो एक प्रवासी होता. आरोग्य खात्याने त्याच्या निकट संपर्कातील बारा आणि दूरच्या संपर्कातील तेवीस माणसे शोधून सर्वांची तपासणी केली. दिल्ली-मुंबई विमानातील पंचवीस सहप्रवाशांचीही केली. त्यांतील एकासही लागण झालेली आढळली नाही. पुढे तो प्रकार सर्वत्र पसरलाच, ती गोष्ट वेगळी. परंतु कोण कोणाजवळ, कोणत्या दिवशी होते, हे लिहिलेले असल्यामुळेच ही चौकशी काही दिवसांत पुरी झाली. १८९७ साली कल्याणाच्या फलाटावर हजारो माणसे उभी केली गेली, आणि अशी यादी मात्र कोणाजवळ नव्हती.

खेड्यात अशी यादी एकाच ठिकाणी रोज तयार होते, आणि ती शिक्षकाच्या टेबलावर असते. हजेरीपत्रकात गैरहजेरीची खूण करताना तिच्याशेजारी बारीक अक्षरात कारण लिहावे: तापास ‘ता’, जुलाबास ‘जु’, पुरळास ‘पु’, खोकल्यास ‘खो’, स्थलांतरास ‘स्थ’, म्हणजे आजार आणि भट्टी यांची गल्लत होणार नाही. कारण ठाऊक नसेल तर दुपारी एखाद्या शेजारच्या मुलास विचारून संध्याकाळपर्यंत भरावे. एका आठवड्यात तीन मुलांपुढे ‘ता’ अथवा ‘जु’ आले, किंवा एकाही मुलापुढे ‘पु’ आले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास दूरध्वनीने कळवावे व कळविल्याची वेळ पत्रकाच्या समासात नोंदवावी. मासिक अहवालाची वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा हजेरीपत्रक त्यांच्यापुढे ठेवावे. आरोग्य केंद्राचा क्रमांक वर्गाच्या दाराच्या आतील बाजूस, मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर, खडूने नव्हे तर रंगाने लिहावा.